आंडेरीसना वट्टा

कॅल्क्युलेटर... पुन्हा कॅल्क्युलेटरच उघडला. काळ्या चौकोनात एक मोठं शून्य, त्या शून्यावर दिपमालाचा अंगठा, दातांत टाचणी आणि मांडीवर अर्धी शिवलेली पांढरी बाही. अंगठ्याला अजून समजलेलं नव्हतं. खालच्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या जागी जे ॲप होतं ते तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं, त्याला महिना होत आला, त्याच्या जागी हा कॅल्क्युलेटर आपोआप सरकून बसला, हे सगळं डोक्याला ठाऊक होतं. पण सुईत दोरा ओवला गेला की, कुकरची शिट्टी झाली की, गेलेली वीज आली की अंगठा उठायचा आणि माहेरी निघाल्यासारखा त्याच जागी जाऊन पडायचा. आणि समोर शून्य. तिनं टाचणी काढून पिनकुशनमध्ये खुपसली, जरा जास्तच जोरात.

"फिर हिसाब खोल्या क्या, ताई?" मुमताज हुक लावत होती, मान वर न करताच हसली.

"हो. बघते, किती मूर्ख आहे मी ते."

मुमताज दोन गल्ल्या सोडून राहते आणि शिलाईच्या दिवसांत हुक, काज, फॉल करायला येते. देवपुरातल्या या पुढच्या खोलीत सध्या पांढरंच पांढरं पडलं होतं – वैशाख पौर्णिमा आठवड्यावर आलेली, वस्तीतल्या प्रत्येक बाईला पांढऱ्या साडीवर पांढरं ब्लाऊज हवं आणि ते पौर्णिमेच्या आधी हवं. कूलर नुसताच गरम हवा फेकत होता. नवरा, बुद्धभूषण, दीपनगरला, कामावर. तो शनिवारीच येतो. म्हणजे दिवसभर मशीन, मुमताज, आणि फोन. आणि फोनमध्ये तर आता काही नाहीच.

काही नाही असं नाही, नवं ॲप आहे. सपनानं, म्हणजे लेकीनं, पुण्याहून शोधून दिलेलं. पण नव्या जागेला अजून अंगठ्याचा पाय लागलेला नाही.

जुन्या ॲपचं नावसुद्धा ती आता घेत नाही. आजी जशी आजोबांचं नाव घ्यायची नाही तसं – फक्त आजीचं न घेणं आदरापोटी होतं. तिथं तिनं एक गट काढला होता. आई गेली त्या वर्षी, पिंपळनेरहून पुण्यानुमोदन आटोपून परत येताना, साक्रीच्या पुढं कुठंतरी बसमध्ये तिच्या लक्षात आलं होतं, की आता आपल्याला आंडेर म्हणणारं कुणी उरलं नाही. आंडेर – म्हणजे मुलगी. आंडोर मुलगा, आंडेर मुलगी, आमच्या अहिराणीत हे इतकं साधं आहे. बारसं असो की भांडण, आई दारातून ओरडायची, मनी आंडेर कोठे शे... आणि घरी येऊन तिनं गटाला नाव दिलं, आंडेरीसना वट्टा. मुलींचा ओटा. या ओट्यावर कुणीही बसावं आणि आपल्या बोलीत बोलावं, एवढाच नियम. कुणी कळण्याच्या भाकरीचं पीठ सांगितलं, कुणी सासूला द्यायच्या शिव्या सांगितल्या, साक्रीच्या एका बाईनं तर नवरा कसा घोरतो ते घोरून ऐकवलं. शिरपूरपासून चोपड्यापर्यंतच्या बाया, शेतातल्या, ऑफिसातल्या, मुमताजसारख्या तीन-चार मुसलमान घरांतल्याही, कारण मुमताजची अहिराणी दिपमालापेक्षा बरी, तिचं बालपण गावात गेलेलं. आणि सगळ्यांची लाडकी मंदाआत्या. दिपमालाची आत्या, मंदाबाई, पिंपळनेरची. तिला वाचता येत नाही, पण फोनसमोर बसली की गाणं असं म्हणायची, की मुमताजचा हात सुईवर थांबायचा.

मग ती विदाईच्या गाण्याची गोष्ट... नको, आता आठवायचं नाही, ही बाही संपवायची आहे. गोलाईला कात्री मारायची, उलटायची, दाबशिलाई. पण आठवण काय विचारून येते? आत्यानं गायलं होतं –

मनी आंडेर चालनी, वट्टा सुना पडना,
भाकर करपनी तव्हय तिनाच आवाज उना.

दिपमालानं ऐकून ऐकून ते शब्द खाली टाइप केले, ज्यांना आवाज नीट येत नाही त्यांच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं गायब. त्या जागी राखाडी पट्टी आणि शुद्ध, इस्त्री केलेल्या मराठीत: हा मजकूर अश्लील व लैंगिक भाषेविषयीच्या आमच्या नियमांत बसत नाही. तिला आधी वाटलं, घोरणाऱ्या नवऱ्याचं काहीतरी असेल. मग समजलं. शब्दाचं पहिलं टोक कुठल्याशा शिवीसारखं दिसतं म्हणून... आंडेर. लेक सासरी चाललीय, आईची भाकरी करपलीय, आणि यांना त्यात अश्लील दिसलं! त्या ॲपवर रोज काय काय नाचत असतं, कुणाच्या आईबहिणीवरून काय काय लिहिलेलं असतं, ते सगळं नियमांत बसतं, झोपतं, लोळतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दाद मागायची सोय होती म्हणे. सोय काय – एक बटण: मला वाटते ही चूक आहे. दाबलं. पुढं लिहायला जागा असेल असं धरून तिनं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, की महोदय, हा शब्द आमच्या खान्देशात... पण जागाच नव्हती. कागद नाही, टेबल नाही, टेबलापलीकडं डुलक्या काढणारा कारकून नाही. कारकुनावर निदान ओरडता येतं. तीन तासांनी उत्तर: आम्ही पुन्हा तपासले, आमचा निर्णय योग्य होता. मग गटाच्या नावावरच बोट. नाव बदला, आक्षेपार्ह पोस्ट काढा, गट चालू राहील.

नाव बदला! पोरीचं नाव बदला, मग बारशाला येतो, असं म्हणण्यापैकी ते. मी नाही बदललं. दोनशेवर बायांना सांगितलं, चला, आपण उठू इथनं, दुसरा ओटा शोधू. आणि मी उठले. मागं वळून पाहिलं तर...

"ताई, ये देखो, ये पल्लू के साइड का हुक उलटा लग्या." मुमताजनं ब्लाऊज पुढं धरलं.

"काढ आणि पुन्हा लाव. घाई करू नको."

...मागं वळून पाहिलं तर फार थोड्या उठल्या होत्या. रागवायचं कुणावर? मालपूरच्या एका बाईनं सरळच सांगितलं, "तठे मना नातूना फोटो शेतस, मी कशी येऊ?" खरंच कशी येईल? ज्या घरात नातवाचे फोटो टांगलेले ते घर मालक कितीही माजोरी असला तरी सोडवत नाही. दिपमालानं स्वतः निघताना आपल्या वस्तू मागितल्या – गाणी, गप्पा, सगळं. दिलं त्यांनी, एक भलीमोठी फाइल. उघडली तर अक्षरांच्या जागी चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन, आणि आवाजांवरची नावं पुसलेली. कुठली बाई कुठली ते ऐकून ओळखायचं. भाडेकरूचं सामान रस्त्यावर फेकतात ना, तसं फेकलं होतं.

मग महिनाभर ओटे शोधणं. मेसेजचं साधं ॲप घेतलं तर त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसायचे. साक्रीच्या त्या हसऱ्या बाईला कुणा परक्याचे फोन यायला लागले, हॅलो मॅडम, जेवण झालं का? ती नवऱ्याच्या भीतीनं निघून गेली. आगीतून फुफाट्यात. मग एक देशी ॲप, आपलं, स्वतःचं, अभिमानाचं. उघडताच विचारलं, तुमची भाषा निवडा. मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी, हरियाणवीसुद्धा. अहिराणी नाही. सगळ्यांत खाली: इतर. तिनं 'इतर' दाबलं तर राशिभविष्य आलं आणि एक नाचणारी मुलगी. परदेशी एक होतं, फार चांगलं म्हणे, जाहिरात नाही, कुणाची पाळत नाही. त्यात आधी म्हणे सर्व्हर निवडायचा. दिपमाला रात्रभर... नाही, रात्रभर कसली, तासभर निवडत बसली, आणि शेवटी आत गेली तर आत इतकं स्वच्छ, इतकं रिकामं, की आपल्याच चपलांचा आवाज यावा.

आणि आता हे, सपनाचं. लहानसं आहे, पुण्याचीच काही पोरंपोरी चालवतात, आवाज ठेवता येतो, नंबर दिसत नाही, नाव आपल्याला हवं ते देता येतं. तिनं दिलं: आंडेरीसना वट्टा. कुणीही काही बोललं नाही. कुठली राखाडी पट्टी आली नाही. चांगलं आहे ना? मग? मग आनंद का होत नाही... नव्या ओट्यावर आठ-दहा बाया बसल्यात, आणि सगळ्या एकच विचारतात, मंदाआत्या कव्हय येवाव? आत्या आली तर बाकीच्या येतील हे त्यांनाही ठाऊक आणि दिपमालालाही. आत्या आली नाही तर हा ओटा नाही, नुसती पायरी आहे.

अकराच्या सुमारास सपनाचा मेसेज आला. 'मम्मी, एक सुचवू? रागावू नकोस. नाव "लेकींचा ओटा" ठेव ना. सगळ्या महाराष्ट्राला कळेल, बाया वाढतील. अर्थ तोच आहे.'

अर्थ तोच. सपना शहाणी आहे, कामात मोठी आहे, आईसाठी वेळ काढून ॲप शोधते – आणि तीच म्हणते अर्थ तोच. दिपमालानं उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. तुला काय माहीत... नको. अर्थ तोच असता तर... नको. शेवटी 'बघते' एवढंच लिहिलं. पोरीवर राग काढायचा नाही. राग ज्यांच्यावर आहे त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि जे हाताशी असतात त्यांच्यावर निघतो, ही तर बायकांची जुनीच खोड.

जेवायला मुमताज घरी गेली, आणि ती गेल्यावर पाचच मिनिटांत फोन वाजला. नव्या ओट्यावर आवाज आला होता. नाव: मंदाबाई पिंपळनेर.

दिपमाला उठून उभी राहिली. खरोखर उभी राहिली, मांडीवरचं पांढरं कापड खाली पडलं तरी. आली! प्रेमराजनं लावून दिलं असणार, तो आत्याच्या घरासमोर मोबाइलचं दुकान चालवतो. तिनं आवाज मोठा केला आणि बटण दाबलं.

आधी कोंबडी. मग आत्याचं खाकरणं. मग: "आयकू येस का? मी मंदाबाई बोली ऱ्हायनू. बठ्ठ्या बायासनी माफी मांगस. पहिलं बंद पडनं ते मनामुये पडनं. आते मी काय बी वाकडं बोलनार नही. चूकभूल माफ करज्यात, माय." आणि गाणं. तेच गाणं. तोच आवाज, तीच ओढ, दुसऱ्या ओळीला तसाच वर जाणारा... पण पहिल्या ओळीत, 'मनी'च्या पुढं, आत्या थांबली. श्वास घ्यायला थांबावं तशी. आणि पुढं म्हणाली, "लेक". मनी लेक चालनी, वट्टा सुना पडना.

दिपमालानं पुन्हा लावलं. पुन्हा. तो थांबा खरंच होता. त्या थांब्यात एक बाई तोंडाशी आलेला शब्द गिळत होती, आणि तो गिळल्याचा आवाजसुद्धा येत होता. माफी? आत्यानं माफी मागायची? जिनं सात जणांचं घर शेतात राबून उभं केलं, जिच्या तोंडून कधी कुणाला वावगा शब्द गेला नाही, ती सत्तरीची बाई फोनसमोर हात जोडून म्हणतेय चूकभूल माफ करा! आणि ज्यांनी तिच्या गाण्याला अश्लील म्हटलं ते कुठं बसलेत, कुठल्या थंडगार खोलीत, त्यांना पत्ताही नाही. कानशिलं तापली होती. तिनं फोन लावला.

"आत्या, हे काय? तुनं काय बी चुकनं नही."

"दिपा? आयकं का तू? चांगलं उनं का?"

"चांगलंच उनं. पण तू माफी काब्र मांगी? तो शब्द वाईट नही, आत्या. मशीनले आपली बोली समजस नही, म्हणून काढी टाकं त्यासनी."

पलीकडं आत्या खाकरली. कोंबडी अजून होतीच.

"मशीनले नही समजस, चाल, मानं मी," आत्या म्हणाली. "पण प्रेमराज बी हासना ना वं. तो ते आपलाच पोऱ्या. काढं कसाले, आसं इचारं मी, ते हासना आनि सांगे, आजी, गंदा शबद शे तो, शहरमा आसं बोलतस नही. मी म्हनं, मंग मनी माय माले काय म्हने? जलमभर गंदं म्हने का?"

दिपमालानं खाली पडलेलं पांढरं कापड उचललं. "तू म्हण ना एकदाव, आत्या. आठे कोन्ही बंद करत नही. मी सांगस ना."

"ऱ्हाऊ दे, माय. लेक बी चांगलंच शे. बठ्ठासले समजस." मग जरा हळू: "मना आवाज कोन कोन आयकस, काय माहीत. तू जेवनी का?"

"जेवनू," ती खोटंच म्हणाली, आणि आत्यानं पौर्णिमेला ये म्हणून फोन ठेवला.

पंख्याखाली पांढरे तुकडे हलत होते. ओट्यावर बायांचे आवाज यायला लागले होते – आत्या आली, आत्या आली, वा, काय गाणं! – आणि खाली नव्या बाया येऊन बसत होत्या, एक, दोन, मालपूरचीसुद्धा, नातवाच्या फोटोंना तिथंच टांगून. ज्यासाठी महिनाभर जिवाचं रान केलं ते होत होतं. ओटा भरत होता. थांबा कुणालाच ऐकू आला नव्हता. एकीनं तर लिहिलं होतं, 'लेक' किती गोड वाटतं, आपण सगळ्याच तसं म्हणू. दुसरीनं तिच्याखाली नाव बदलायचं सुचवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. इथं पट्टी नव्हती, नियम नव्हता, मालक नव्हता. तरी.

प्रेमराज हसला. आणि आधी? पहिल्यांदा कोण हसलं होतं... धुळ्याच्या शाळेत, पाचवीत, पिंपळनेरहून नवीन आलेली ती. आई सोडायला आली होती आणि वर्गाच्या दारात बाईंना म्हणाली होती, मनी आंडेर शे, मार्क चांगला लयस. अख्खा वर्ग फुटला. मागच्या बाकावरची पोरं तर पोटं धरून. बाई चांगल्या होत्या, हसल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, इथं मुलगी म्हणतात हं. आईला वाटलं, पोरांना आपण आवडलो, तीही हसली.

मग मशीनला शिकवलं कुणी? परदेशातल्या माणसाला आंडेर वाईट आहे हे कुठून समजणार, त्याच्या तर बापालाही देवनागरी येत नाही. कुणीतरी इथलंच, वाचता येणारं. मागच्या बाकावरचं. त्यानं गाणं पाहिलं, हसू आलं, अंगठा उठला, तक्रारीच्या बटणावर पडला, आणि तो पुढच्या व्हिडिओवर गेला. कदाचित धुळ्यातच बसून. कदाचित देवपुरातच. इतके दिवस राग कसा छान दूर होता, समुद्रापलीकडं, शिव्या घालायला मोकळा... आता तो गल्लीत येऊन उभा राहिला होता, आणि त्याला ओळखीच्या कुणाचंही तोंड लावता येत होतं.

नाही, हे असं चालणार नाही. आत्याला नाही म्हणता येत तर मी म्हणेन. आज, आत्ता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिनं नव्या ओट्यावर जाऊन माइकच्या चित्रावर अंगठा दाबून धरला. आकडे पळायला लागले.

"मी दिपमाला बोली ऱ्हायनू," ती म्हणाली. आवाज नीट निघाला. "देवपूर, धुये. नाव बदलानं नही. या वट्टानं नाव जे शे तेच ऱ्हाई. मी पिंपळनेरना भाईदासनी आन् सखूबाईनी..."

आणि शब्द तोंडात आला. आईच्या तोंडचा, दारातून ओरडलेला, बसमध्ये आठवलेला, महिनाभर ज्याच्यासाठी भांडले तो. जिभेवर आला आणि – मला तो ऐकू आला. बोलायच्या आधीच. आईच्या आवाजात नाही. मागच्या बाकाच्या, प्रेमराजच्या, राखाडी पट्टीच्या आवाजात. पहिलं टोक आधी ऐकू आलं, उघडं, घाणेरडं, आणि उरलेला शब्द त्याच्या मागून फरफटत. असा तो मला याआधी कधीच ऐकू आला नव्हता. पाचवीतही नाही. पाचवीत मला पोरांचा राग आला होता, शब्दाचा नाही.

"...आंडेर," मी म्हणाले. म्हणाले, पण म्हणता म्हणता मी दाराकडं पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. उन्हात गल्ली रिकामी होती. माझ्याच घरात, माझ्या आईनं मला मारलेली हाक माझ्याच तोंडून गेली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मी दाराकडं पाहिलं. अंगठा माइकवर तसाच होता, आकडे पळत होते, आणि सोडला की हा आवाज ओट्यावर जाणार होता. सगळ्या बायांकडे, आत्याकडे, आणि आत्याला माझा थांबा ऐकू येणार होता. ती ओळखणारच. तिनं स्वतःच तर आज तोच शब्द गिळलाय.

मी अंगठा उचलला नाही. पुन्हा म्हणाले, दाराकडं न पाहता. नीट नाही निघालं. पुन्हा म्हणाले.